नव्या विश्वासणाऱ्यांसाठी: देवाच्या आज्ञा कशा समजून घ्यायच्या आणि कशा पाळायच्या

बाप्तिस्म्याच्या तयारीला बसलेली माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला असा, "तारण कृपेनं मिळतं म्हणता, मग दहा आज्ञा पाठ कशाला करायच्या?" दुसरा याच्या अगदी उलटा, "एखादी आज्ञा माझ्याकडून मोडली तर देव मला सोडून देईल का?" पहिला प्रश्न बहुतेक तरुण पोरं विचारतात, दुसरा बायाबापड्या. दोन्ही मनापासून आलेले असतात. जालना, परभणी, बीडकडच्या ज्या घरांत पवित्र शास्त्र नुकतंच आलंय किंवा आजोबांच्या काळापासून आहे पण फारसं उघडलं गेलेलं नाही, त्या घरांसाठी हे लिहितो आहे. एका बैठकीत सगळं वाचून संपवू नका. एकेक पायरी घ्या आणि शेजारी शास्त्र उघडं ठेवा.

पहिली पायरी: आधी सुटका, मग आज्ञा

निर्गमाचा विसावा अध्याय काढा, पण पहिल्या आज्ञेपासून सुरुवात करू नका. त्याआधीचं दुसरं वचन वाचा. मी परमेश्वर तुझा देव आहे, मिसर देशाच्या गुलामीतून तुला मीच बाहेर आणलं, एवढं देव आधी सांगतो आणि मगच आज्ञा देतो. या पुस्तकातला क्रमही बघा. बाराव्या अध्यायात वल्हांडण (सुटकेच्या रात्रीचं भोजन), चौदाव्यात तांबडा समुद्र ओलांडणं, सोळाव्यात मान्ना (रानात देवानं दिलेलं अन्न) आणि विसाव्यात, सीनाय पर्वताशी, आज्ञा. इस्राएल लोक मिसरात विटा पाडत होते तेव्हा देवानं त्यांना यादी पाठवून "हे पाळा, मग सोडवतो" असं कळवलं नाही. सोडवलं, समुद्र पार केला, खाऊ घातलं आणि मग, आता माझे लोक म्हणून असं जगा, असं सांगितलं.

हा क्रम एकदा मनात पक्का बसला की निम्मं काम झालं.

आपल्याकडे नवसाची रीत फार जुनी. पाऊस पडू दे, पोराला नोकरी लागू दे, मग अमुक करीन. ही रीत पाळणारी माणसं आपलीच आहेत, आपल्या आईबापांनीही पाळली आहे, त्यांच्या श्रद्धेला नावं ठेवायचं कारण नाही. पण प्रभूकडे आल्यावर तीच सवय आज्ञांना चिकटते, आणि मग माणूस हिशेब मांडायला लागतो: इतक्या आज्ञा पाळल्या, तर इतका आशीर्वाद. मराठवाड्यात हा हिशेब फार लवकर माणसाला मोडून टाकतो. बाप्तिस्मा घेतला आणि त्याच साली पावसानं दीड महिना ओढ दिली, सोयाबीन जाग्यावर करपलं, तर शेजारीपाजारी म्हणतात, "देव बदलला म्हणून झालं." आणि घरातला माणूस रात्री स्वतःलाच विचारतो, "माझ्याकडून कोणती आज्ञा मोडली?" अशा वेळी योहान ९ वाचा. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं. लूक १३ मध्ये शिलोहामचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, हेही त्यानंच बजावलं. दुष्काळ हा तुमच्या आज्ञापालनाचा निकाल नाही.

दुसरी पायरी: कोणता नियम कशासाठी होता ते ओळखा

नवा माणूस उत्साहानं उत्पत्तीपासून वाचायला घेतो आणि लेवीयात येऊन अडकतो. डुकराचं मांस नको, दोन जातींच्या सुताचं कापड नको, पापासाठी बोकड कापा. हे सगळं आपल्यालाही लागू आहे का?

मंडळीनं शेकडो वर्षं विचार करून या नियमांचे तीन भाग ओळखले आहेत. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनस यांनी तशी मांडणी केली. १६४६ साली लंडनमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीच्या एकोणिसाव्या अध्यायातही तीच आहे. जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री ज्या स्कॉटिश मिशनचे होते, त्या मिशनची शिकवण याच कबुलीवर उभी होती, म्हणून आपल्या भागातल्या जुन्या घरांना ही मांडणी परकी नाही. यज्ञ, याजक, शुद्ध-अशुद्ध अन्न हे विधीचे नियम ख्रिस्ताकडे बोट दाखवणारे होते. तो आला, एकदाच आणि कायमचं अर्पण झाला, त्यांचं काम संपलं (इब्री १०). अन्नाबद्दल मार्क ७ आणि पेत्राला झालेला दृष्टान्त (प्रेषितांची कृत्ये १०) वाचा. दुसरे इस्राएल राष्ट्राच्या कारभाराचे नियम, दंड, भरपाई, शिक्षा. ते राष्ट्र त्या रूपात राहिलं नाही, तेव्हा तो कायदाही जसाच्या तसा लागू राहिला नाही. तिसरे नैतिक नियम. हे देवाच्या स्वभावातूनच येतात, म्हणून ते कोणत्याही काळात जुने होत नाहीत. दहा आज्ञा म्हणजे त्यांचा गाभा.

पण शास्त्रात हे तीन भाग तीन वेगळ्या वह्यांत लिहिलेले नाहीत. लेवीय १९:१८ मध्ये शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे आणि लगेच पुढच्याच वचनात मिश्र सुताच्या कापडाची. म्हणून वाचताना थांबून विचारावं लागतं: या नियमामागे देवाला कशाची काळजी होती?

प्रेषित पौल हे कसं करतो ते बघा. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, असा नियम अनुवाद नावाच्या पुस्तकात (२५:४) आहे. खळ्यावर बैल फिरवलेल्या माणसाला तो लगेच कळतो. पौल १ करिंथ ९ मध्ये हाच नियम घेतो आणि काम करणाऱ्याला त्याच्या कामातून वाटा मिळालाच पाहिजे, असा त्याचा अर्थ लावतो. आज मळणी यंत्रानं होते, मुसकं बांधायला बैलच नाही, तरी नियमाचा जीव शिल्लक आहे.

आपल्या भागासाठी अशी दोन वचनं मला फार मोलाची वाटतात. अनुवाद २२:८ सांगतं, नवं घर बांधशील तर माळवदाला कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागणार नाही. आणि निर्गम २१:३३-३४ सांगतं, कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडलं, तर खड्ड्याच्या मालकानं किंमत भरून द्यावी. आता आपल्या शिवारात नजर टाका. बोअर मारला, पाणी लागलं नाही, केसिंग काढून नेलं आणि वर एक दगड नाहीतर बारदाना टाकून दिला. असे फेल गेलेले बोअर गावोगाव आहेत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं असे बोअर तळापासून वरपर्यंत माती-वाळूनं बुजवायला सांगितलं, कारण त्यांत लेकरं पडून मरत होती. "खून करू नको" ही सहावी आज्ञा तुमच्या शेतात तिथे, त्या नऊ-दहा इंची भोकापाशी उभी आहे. विश्वासात आल्यावर आज्ञापालनाची सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, आधी तो बोअर बुजवून या.

तिसरी पायरी: नियम काय करू शकतो, काय करू शकत नाही

ही पायरी लहान आहे पण चुकवू नका. नियमशास्त्र तुम्हाला तारू शकत नाही. त्याच्यामुळे पापाची जाणीव होते, असं रोमकरांस ३:२० सांगतं. पौल स्वतःबद्दल लिहितो की, लोभ धरू नको असं नियमशास्त्रानं सांगितलं नसतं तर मला लोभ कळलाच नसता (रोम ७:७). पाप दाखवून ते ख्रिस्ताकडे पाठवतं. ते वाईटाला काही प्रमाणात लगामही घालतं. आणि ज्याला ख्रिस्तानं सोडवलं, त्याला कसं जगायचं हे ते शिकवतं.

हे तिसरं काम आपल्या शिकवणीत सगळ्यात जास्त मागे पडतं. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीनं मात्र ते फार सुंदर जागी ठेवलं आहे. तिचे तीन भाग: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचं सविस्तर विवेचन येतं ते तिसऱ्या भागात, म्हणजे उपकार जाणून कसं जगायचं, या प्रश्नाखाली.

म्हणून दोन माणसांपासून सावध राहा. एक म्हणतो, आज्ञा पाळल्याशिवाय देव तुला पत्करणार नाही. त्याला गलतीकरांस पत्र दाखवा. दुसरा म्हणतो, आता आपण कृपेखाली आहोत, नियमाचं नावही काढू नका. त्याला रोमकरांस ६ दाखवा, आणि येशूचं स्वतःचं बोलणं दाखवा की मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही, पूर्ण करायला आलो आहे (मत्तय ५:१७). या दुसऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. त्याचं बोलणं ऐकायला गोड असतं आणि त्याची किंमत घरातली बायको, शेतातला सालगडी नाहीतर उसना पैसा दिलेला शेजारी भरतो.

चौथी पायरी: प्रत्येक आज्ञा दोन्ही अंगांनी वाचा

येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात दाखवलं की खुनाची आज्ञा रागापर्यंत आणि व्यभिचाराची आज्ञा नजरेपर्यंत पोहोचते. जुन्या प्रश्नोत्तऱ्यांनी त्यावरून एक नियम काढला: जिथे एखादं पाप मना केलं आहे, तिथे त्याच्या उलट चांगलं काम सांगितलेलं आहे. खून करू नको, म्हणजे जीव जपही.

आठवी आज्ञा घेऊन हे करून बघू. चोरी करू नको. बहुतेक जण म्हणतील, ही आपण पाळतोच. आता बांधावर चला. नांगरट करताना ट्रॅक्टरवाल्याला सहज सांगितलं जातं, "एक तास तिकडून घे." एक तास म्हणजे नांगराची एक चर, फार तर हातभर माती. पुढच्या साली पुन्हा एक. बांध बारीक होत जातो, हद्दीचा दगड एका पावसाळ्यात कलंडतो आणि कोणी तो परत उभा करत नाही. पाच-सात वर्षांत बांधावरून बैलगाडी जायची ती पायवाट उरते, आणि मग दोन सख्खे भाऊ कोर्टात. शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवू नको, असं अनुवाद १९:१४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. २७:१७ मध्ये तर असं करणाऱ्याला शाप आहे आणि सगळ्या लोकांनी त्याला आमेन म्हणायचं आहे. बांध कोरणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्याला पाप म्हणायची कोणाची जीभ रेटत नाही. मंडळीत ते म्हटलं गेलं पाहिजे.

पुढे आडतीवर या. खोटं वजन परमेश्वराला किळसवाणं वाटतं (नीतिसूत्रे ११:१). व्यापारी ओलाव्याचं नाव सांगून वाजवीपेक्षा जास्त कडता कापतो, ती चोरी. शेतकरी पोत्याच्या तळाला माती-काडीकचऱ्याचा माल घालून वर चांगला भरतो, तीही चोरी. दोघेही विश्वासणारे असतील तर दोघांनाही हीच आज्ञा. आणि मजुरी? रोजंदाराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं, असं अनुवाद २४:१५ म्हणतं. खुरपणीला आलेल्या बाईला "बाजाराच्या दिवशी देतो" म्हणण्याआधी हे वचन वाचा. पाडव्याला सालगडी ठरवताना पुन्हा वाचा.

उलट अंगही आहेच. पौल इफिसकरांस लिहितो की चोरी करणाऱ्यानं आता चोरी सोडून हातांनी कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असेल (४:२८). चोरी न करणाऱ्यावर आठवी आज्ञा थांबत नाही, ती त्याला देणारा करते.

चौथ्या आज्ञेबद्दल, म्हणजे विसाव्याच्या दिवसाबद्दल, थोडं सांगायला हवं, कारण ती आपल्याकडे फार चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडते. बीड-धाराशिवकडची ऊसतोड करणारी कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस काम चुकलं तर खाडा. ट्रक आला की रात्री-अपरात्री मोळ्या भरायच्या. त्यांच्यातली एखादी विश्वासणारी बाई गावी परतल्यावर रडत सांगते की रविवारी उपासनेला जाणं झालं नाही. तिला कोणी आज्ञाभंगाचा दोष देऊ नये. अनुवाद ५:१४-१५ नीट वाचा. तिथे विसावा कोणाकोणाला द्यायचा याची यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, गावात राहणारा परका. आणि कारण दिलं आहे की तूही मिसरात गुलाम होतास. म्हणजे ज्याच्या हाताखाली माणसं राबतात त्याला ही आज्ञा आधी विचारते, तू त्यांना थांबू देतोस का? पोळ्याला आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. माणसासाठी देवानं दर आठवड्याला तसा दिवस मागितला आहे. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीपाशी, संध्याकाळी चार माणसं जमवून एक स्तोत्र म्हटलं, प्रार्थना केली, तर तीही उपासना आहे. आणि मुकादम किंवा बागायतदार मंडळीचा सभासद असेल, तर त्याला बसवून या वचनाबद्दल बोलणं हे पाळकांचं काम आहे.

शनिवार की रविवार, हा वाद नव्या माणसानं अंगावर घेऊ नये. काही मंडळ्या शनिवार पाळतात, बहुतेक जण पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार. कलस्सै २:१६ वाचा आणि एकमेकांचा मान ठेवा. तसंच आज्ञांच्या क्रमांकांचं. रोमन कॅथलिक आणि लूथरन परंपरा मूर्तींबद्दलची आज्ञा पहिलीतच धरतात आणि लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात, म्हणून त्यांच्याकडे "चोरी करू नको" सातवी येते. आज्ञा त्याच आहेत. मी इथे प्रॉटेस्टंट क्रम धरला आहे.

पाचवी पायरी: घरात आणि गावात

विश्वासात एकटाच आलेला माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तो पहिल्या आणि पाचव्या आज्ञेच्या मध्ये. देव एकच मानायचा, आणि आईबापांचा मानही राखायचा. आई म्हणते, "आमच्या देवघरात पाय ठेवत नाहीस, म्हणजे आम्ही तुला परके झालो."

पूजेत भाग घेऊ नका, हे स्पष्ट आहे. पण ते सांगण्याची रीत असते. "आई, माझं मन प्रभूकडे लागलंय, मी हात जोडणार नाही, पण पाहुण्यांचं चहापाणी, स्वयंपाक, पाणी भरणं सगळं मी बघतो," असं म्हणणारा मुलगा दोन्ही आज्ञा पाळतो. औषधपाणी, दवाखाना, म्हातारपणी जवळ राहणं यात कुठेही कमी पडू नका. मार्क ७:९-१३ मध्ये येशूनं ज्यांना फटकारलं, ते देवाला अर्पण केल्याचं निमित्त सांगून आईबापांचा खर्च टाळत होते. दशमांश दिला आणि आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला पैसे नाहीत म्हटलं, तर तेच झालं.

दुसऱ्यांच्या देवांबद्दल वाईटसाईट बोलणं ही पहिली आज्ञा पाळायची रीत नाही. इफिसात पौलाविरुद्ध दंगल उसळली तेव्हा तिथल्या नगराच्या अधिकाऱ्यानंच जमावाला सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). पौलानं देव एकच आहे हे कधी लपवलं नाही, आणि तरीही विरोधकांच्या गावात त्याच्याबद्दल अशी साक्ष निघाली.

गावातल्या आणखी दोन गोष्टी. लग्न ठरवताना हुंडा मागणं हा दहाव्या आज्ञेचा उघड भंग आहे. तो "मुलीच्या संसारासाठी" म्हणून घेतला तरी लोभच, आणि कायद्यानं १९६१ पासून गुन्हा. दुसरी, मंडळीत जात पाहून बसवणं, जात पाहून सोयरीक नाकारणं. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेला याकोब राजमान्य नियम म्हणतो आणि पुढच्याच वचनात सांगतो की तोंड पाहून वागणूक दिली तर तुम्ही पाप करता (२:८-९). आपल्यातल्या अनेकांच्या आज्या-पणज्यांना गावाच्या आडावर पाणी भरू दिलं जात नव्हतं. त्यांच्या नातवंडांनी प्रभुभोजनाला एकत्र यायचं आणि सोयरिकीला पोटजात काढायची, हे देवाला चालत नाही.

सहावी पायरी: मोडलीत तर काय करायचं

मोडाल. सगळेच मोडतात. तेव्हा उपासना चुकवू नका, लपू नका. पाप कबूल केलं तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो (१ योहान १:९). ती क्षमा ख्रिस्ताच्या रक्तानं विकत घेतलेली आहे, तुमच्या पुढच्या चांगल्या वागण्याच्या हमीवर मिळत नाही. मग ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा. जकातदार जक्कयानं येशूला घरी घेतलं तेव्हाच सांगितलं की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो (लूक १९:८). तारणाची किंमत म्हणून त्यानं हे दिलं नाही. प्रभू घरी आला या आनंदात दिलं. बांध कोरला असेल तर शेजाऱ्याला बोलावून दगड परत जागेवर रोवा. वाद असेल तर सरकारी मोजणीचा खर्च तुम्ही भरा.

आणि मागा. मी माझा आत्मा तुमच्या ठायी घालीन आणि तुम्ही माझ्या नियमांनी चालाल असं करीन, हे वचन यहेज्केल ३६:२७ मध्ये देवानं स्वतः दिलं आहे. प्रार्थनेत ते वचन त्याच्यापुढे ठेवा.

सुरुवात कशी करायची

दर आठवड्याला एकच आज्ञा घ्या. सोमवारी निर्गम २० मधून ती घरात मोठ्यानं वाचा, लेकरांनाही म्हणू द्या. आठवडाभर रात्री जेवणं झाल्यावर दोन प्रश्न: आज ही कुठे मोडली, आणि आज ही कुठे पाळता आली असती? उत्तर वडीलधाऱ्यांनी आधी द्यावं, म्हणजे पोरं मोकळी होतात. दहा आठवड्यांनंतर मत्तय ५ ते ७, मग रोमकरांस ६ ते ८ आणि १३, मग याकोबाचं पत्र. स्तोत्र ११९ मध्ये १७६ वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे बावीस भाग. रोज एक भाग घेतला तर बावीस दिवसांत होतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शाळेत जाणाऱ्या नातवानं वाचावं. जिथे अडेल तिथे वचनाखाली पेन्सिलनं खूण करा आणि रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना ते पान उघडून दाखवा.